मणक्याचा अस्थिभंग आणि पहिली चिठ्ठी

अडुसष्ट वर्षांच्या एक आजी न्हाणीघरात घसरून पडल्या. चार दिवस शेक घेऊन त्या माझ्या दवाखान्यात आल्या, तेव्हा घाईत मी चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला : 'कंबरदुखी'. दुखणे थांबेना. पुढे एमआरआयमध्ये कमरेचा मणका चेपलेला आढळला. मोठ्या शहरातील रुग्णालयात सुईवाटे त्या मणक्यात सिमेंट भरले गेले आणि दुसऱ्या दिवशी आजी चालू लागल्या. मुलाच्या पॉलिसीवरील दावा मात्र अडकला. 'रुग्ण पडल्याची नोंद कोठे आहे?' असा कंपनीचा प्रश्न होता. ती माझ्या चिठ्ठीत नव्हती. चूक माझीच होती. लेखी खुलासा देऊन मी ती सुधारली, परंतु त्या कुटुंबाचे कित्येक आठवडे चिंतेत गेले.

वाचकहो, अशी वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून काही गोष्टी समजून घ्या.

उतारवयात हाडे ठिसूळ होतात आणि किरकोळ पडण्यानेही मणका चेपतो. त्यात सुईने सिमेंट भरणे म्हणजे व्हर्टिब्रोप्लास्टी. आधी आत फुगा फुगवून जागा करणे व मग सिमेंट भरणे म्हणजे कायफोप्लास्टी. पहिली पद्धत १९८४ साली फ्रान्समध्ये प्रथम वापरली गेली. मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ती लटक्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. म्हणूनच बहुतेकांना आधी औषधे, थोडी विश्रांती व पट्टा दिला जातो आणि 'शस्त्रक्रिया आवश्यक होती का?' असे विमा कंपनी विचारू शकते. याचे उत्तर आपल्या जुन्या चिठ्ठ्या, औषधांची बिले आणि एमआरआयचा अहवाल देतात. त्या जपून ठेवा.

रुग्णालय दाव्याच्या अर्जात आजाराचा आयसीडी-१० सांकेतांक लिहिते. 'एम ५४.५' म्हणजे नुसती कंबरदुखी, 'एस ३२.०' म्हणजे कमरेच्या मणक्याचा अस्थिभंग आणि 'एम ८०' म्हणजे हाडांच्या ठिसूळपणामुळे झालेला अस्थिभंग. हा फरक क्षुल्लक नाही. अनेक पॉलिसींत वयोमानाने येणाऱ्या ठिसूळपणासाठी प्रतीक्षाकाळ असतो. अपघातामुळे आलेल्या दाव्याला तो सहसा लागू होत नाही. त्यामुळे केव्हा, कोठे व कसे पडलो हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा आणि चिठ्ठीवर लिहवून घ्या. मात्र न घडलेला अपघात लिहिण्याचा आग्रह कधीही धरू नका. खोट्या नोंदीमुळे खरा दावाही बुडतो. घडले तेवढेच, पण घडले ते सर्व कागदावर यावे.

आता बिलाकडे वळू. पॉलिसीतील मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास डॉक्टरांचे व शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही त्या प्रमाणात कापले जाऊ शकते. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायचे साहित्य यांना ही प्रमाणशीर कपात लागू करता येत नाही. या उपचारात सिमेंट, सुई व फुगा यांचा खर्च मोठा असतो, म्हणून त्यांची नोंद बिलात स्वतंत्र हवी. त्यांच्या वेष्टनावरील स्टिकर व मूळ बिल मागून घ्या. किती मणक्यांत सिमेंट भरले, हे शस्त्रक्रियेच्या टिपणात आणि बिलात सारखेच असावे. त्याच दिवशी घरी सोडणार असतील, तर पॉलिसीत 'डे केअर' उपचार कसे धरले आहेत ते आधीच विचारा.

कॅशलेस विनंतीवर विमा कंपनीने एका तासात, तर घरी सोडतेवेळी अंतिम मंजुरीचा निर्णय तीन तासांत द्यावा, असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे.

सत्तरी पूर्ण केलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यास उत्पन्नाची अट नाही आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. परभणीहून नांदेड वा छत्रपती संभाजीनगरला निघण्यापूर्वी आरोग्यमित्राला तीन प्रश्न विचारा : रुग्णालय योजनेत आहे का? हाच उपचार तेथे मंजूर आहे का? पूर्वपरवानगी मिळाली का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मदतवाहिनी १५५३८८ आहे.

दावा नाकारला गेला, तर कारण लेखी मागा आणि प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर आपल्या भागासाठी पुणे येथील विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

आजी आता बऱ्या आहेत. आणि माझ्या दवाखान्यात पाठ धरून कोणी आले, की मी लेखणी उचलण्याआधी विचारतो, "पडला होता का? केव्हा आणि कसे?" मी विसरलोच, तर आपण आठवण करून द्या.