पाण्याचा सातबारा (लेखांक ५) : खालच्या पाण्याचा हिस्सेदार कोण?

मागच्या लेखात आपण पैठणपर्यंत आलो होतो. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही, यावरून तुटीच्या वर्षी नगर-नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर येतात. पण त्या भांडणाला निदान कागद आहे. खोऱ्यातली तूट सगळ्यांनी वाटून घ्यावी असं सांगणारा २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, मेंढेगिरी समितीची कोष्टकं आहेत, २०१४ चा प्राधिकरणाचा आदेश आहे आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या तत्त्वावर केलेलं शिक्कामोर्तब आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असला की हिशोब मांडायला घ्यायचा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला तो त्याच हिशोबातून. ते पुरेसं होतं का, हा वाद वेगळा. पण पाणी मोजता आलं, मागता आलं, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढता आली.

जायकवाडीचा उजवा कालवा गेवराईतून माजलगावच्या धरणाकडे येतो. म्हणजे बीड जिल्ह्यात त्याचा लाभ गोदाकाठच्या सखल पट्ट्याला. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे तालुके बालाघाटावर आणि त्याच्या पलीकडे, कालव्याच्या पाण्याच्या कितीतरी वर. मांजरा उगम पावते पाटोदा तालुक्यात. तिचं धरण मात्र खाली केज तालुक्यात धनेगावला, आणि त्यावर लातूरसुद्धा अवलंबून. २०१६ मध्ये हे धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. देशभर ती रेल्वे गाजली. डोंगरावरच्या गावांत टँकर फिरत होते, ते कुणाला नवल वाटलं नाही. या गावांचं पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि नशीब. नदीच्या हक्काचे सगळे कागद इथे निरुपयोगी ठरतात.

खाली आहे काय, ते आधी पाहू. वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटलेला, भेगाळलेला खडक आणि त्याच्याखाली अखंड काळा पाषाण. मध्येच कुठे तांबड्या गेरूचा थर. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. अशा हजार लिटर खडकातून उपसता येणारं पाणी साधारण दहा ते तीस लिटर भरतं. जमिनीखाली झरे म्हणजे वाहत्या नद्याच, हा समज गावोगावी आहे आणि पाणाड्याचा धंदा त्यावरच चालतो. खरं तर तिथे एक उथळ, फाटका साठा आहे, आणि तो पावसाळ्यातच भरतो.

आता थोडं गणित. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरू. आष्टी-पाटोद्याकडे बऱ्याच वर्षी तेवढाही होत नाही. त्यातला ढोबळमानाने दहावा हिस्सा खडकात मुरतो, म्हणजे हेक्टरी ६०० घनमीटर. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी सुमारे २०,००० घनमीटर पाणी लागतं. पावसातून थेट मिळणारं ५,००० वजा केलं तरी १५,००० उरतात. त्याला ६०० ने भागलं की येतात पंचवीस. एक एकर ऊस उभा करायचा तर पंचवीस एकरांत मुरलेलं पाणी त्याच्या विहिरीकडे ओढलं गेलं पाहिजे. ठिबक केलं तर आकडा निम्म्यावर येईल. तरी उरलेल्या बारा एकरांचे मालक वेगळे असतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

विचारायची पद्धत मराठवाड्यात नव्हती असं मुळीच नाही. भावाभावांच्या वाटणीत सामाईक विहिरीचे हिस्से अगदी काटेकोर पडतात. कुणाचे आठ आणे, कुणाचे चार आणे, त्याप्रमाणे पाण्याची पाळी. सातबाऱ्यावर तशी नोंद, खरेदीखतातसुद्धा विहिरीतल्या हिश्श्याचा उल्लेख. पाण्याचा हक्क मोजून वाटणं हे आपल्याला उत्तम जमतं. बिघडतं ते एका भावाने बांधापलीकडे तीनशे फूट बोअर घेतल्यावर. विहीर आटते, आणे कागदावर राहतात आणि पाणी ज्याच्याकडे रिगचे पैसे होते त्याच्याकडे जातं. यावर तहसीलदार काही करू शकत नाही, कारण कायद्याच्या लेखी त्याने स्वतःच्या जमिनीतच भोक पाडलेलं असतं.

हा समज आला कुठून? इंग्लंडमध्ये १८४३ साली ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल नावाचा खटला चालला. कोळशाच्या खाणींनी लँकेशायरमधल्या एका कापूसगिरणीची विहीर आटवली होती. न्यायालयाने गिरणीवाल्याला भरपाई नाकारली : जमिनीखालून अदृश्यपणे झिरपणारं पाणी ज्याची जमीन त्याचं, त्याने ते काढलं तर शेजाऱ्याने तक्रार करायची नाही. तोच विचार १८८२ च्या आपल्या इझमेंट ॲक्टात, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात, उतरला. बारमाही भिजणाऱ्या लँकेशायरकडचा नियम पर्जन्यछायेतल्या पाटोद्याला लावणं हा विनोद आहे, पण त्यावर हसणं बीडकरांना परवडत नाही.

महाराष्ट्राने त्याला वेसण घालायचा प्रयत्न दोनदा केला. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी केली. नंतरचा भूजल कायदा २००९ चा म्हणून ओळखला जातो, पण प्रत्यक्षात अमलात आला १ जून २०१४ पासून. तो बराच पुढे जातो : ६० मीटरहून खोल ती खोल विहीर, अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी अशी नवी विहीर नाही, बोअर पाडणाऱ्यांची नोंदणी, पाणलोटनिहाय समिती आणि उपलब्ध पाण्यानुसार पीक आराखडा. वाचायला सुंदर. पण रिग रात्री येते आणि सकाळी निघून जाते. शिवाय पाणलोट तीन गावांत पसरलेला आणि ग्रामपंचायत एका गावापुरती, मग पीक आराखडा कुणाला बांधील?

टंचाईत तर व्यवहार उलटाच होतो. पिण्याच्या पाण्यासाठी प्रशासन खाजगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करतं आणि मालकाला मोबदला देतं. तातडीची सोय म्हणून ते बरोबरच आहे. पण ज्याच्या खोल बोअरने कदाचित गावचा आड आटवला, त्यालाच गावाला पाणी दिल्याचे सरकारी पैसे मिळावेत, ही व्यवस्था चमत्कारिक म्हटली पाहिजे.

बीड शहराजवळच्या खजाना विहिरीचं कौतुक पर्यटनाच्या पुस्तिकांत फार असतं, तिच्या न आटणाऱ्या पाण्याबद्दल. निजामशाहीत सलाबतखानाने १५८२ च्या सुमारास ती बांधून घेतली. मला तिच्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन भुयारी कालव्यांतून पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून उताराने शेतांकडे जातं. पंप नाही, मोट नाही. त्यामुळे बाहेरच्या कालव्याच्या तोंडाखाली पाणी गेलं की उपसा आपोआप थांबतो. किती घ्यायचं याची मर्यादा बांधकामातच आहे. सबमर्सिबल पंपाला अशी मर्यादा नाही, ती माणसांनीच ठरवावी लागते.

ठरवलेली आहे, दूर नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस नाकारला आणि पावसाच्या मापावरून पिकं ठरवली. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम तर क्रांतिकारकच होता : पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, कुटुंबाला कमाल अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही वाटा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. अंबाजोगाई, केज, धारूर, आष्टी हे तालुके पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत उतरले, लोकांनी उन्हात समतल चर खोदले. मुरवण्याचं काम बीडने मनापासून केलं. उपशाचा नियम मात्र त्या चरांच्या मागोमाग आला नाही, आणि वाढलेल्या पाण्यावर बऱ्याच ठिकाणी नवे बोअर आले.

बीडमध्ये हा नियम करायचा तर वेळेची एक अडचण आहे. पाऊस संपल्यावर भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, म्हणजे गावाचा ताळेबंद मांडायचा तो ऑक्टोबरात. नेमक्या त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या घराला कुलूप लावून गाव सोडतात. ज्यांना जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, ते ग्रामसभेला नसतात. परत येतात उन्हाळ्यात, हातपंप कोरडा पडल्यावर. तेव्हा ही ग्रामसभा बीडपुरती तरी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मुकादमाची गाडी दारात लागण्याआधी घ्यावी. परतीचा पाऊस नंतर चांगला झाला तर रब्बीचं क्षेत्र वाढवता येईल. उलट क्रमाने, पेरलेलं क्षेत्र कमी करणं कुणालाच जमत नाही.