उत्तर उमेदीत समुपदेशक होताना

आपल्या वस्त्यांतील बहुतेक घरांचा इतिहास हा स्थलांतराचा इतिहास आहे. कुणी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडीत फोडीत या शहरात पोहोचले. कुणी १९७८ साली, विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर गावात घरे जाळली गेली म्हणून, अंगावरच्या कपड्यांनिशी आले. कुणाला मिलिंद महाविद्यालयाने आणले, तर कुणाला चिकलठाणा-वाळूजच्या कारखान्यांनी. अशा माणसाने एका जन्मात चार कामे केलेली असतात. आधी बांधकामावर बिगारी, मग वॉचमन, मग कंपनीत हेल्पर, मग रिक्षा. मुले मार्गी लागली की पन्नाशीच्या आसपास हाच माणूस वस्तीचा सल्लागार बनतो (बाई असेल तर लवकरच!). नवरा-बायकोचे भांडण, मुलाची दारू, नापास झालेली मुलगी, सारे त्याच्या ओट्यावर येते. मग कुणीतरी म्हणते, "काका, तुम्ही समुपदेशकच का होत नाही?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर शोधावे म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. शब्दातच उपदेश येऊन बसला आहे, त्याला इलाज नाही. आम्ही बँकेच्या काउंटरवर वर्षानुवर्षे बसतो. हप्ता थकलेला माणूस बोलू लागतो तेव्हा व्याजाचा दर त्याला आमच्याइतकाच पाठ असतो. कुणीतरी मध्येच न तोडता ऐकून घ्यावे, एवढेच त्याला हवे असते. हेच सूत्र अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात शास्त्र म्हणून मांडले. हे गृहस्थही वाटा बदलत आलेले. आधी शेतकी, मग इतिहास, मग धर्मोपदेशकाचे शिक्षण, आणि ते सोडून मानसशास्त्र. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात दहा वर्षांनी रॉजर्स विद्यार्थी होते.

मग आयुष्यभर खाल्लेल्या खस्तांचा काही उपयोग आहे की नाही? आहे, आणि त्याचा पुरावा पुण्यात आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नवा रुग्ण थापा मारू लागला की त्यांना लगेच कळते, कारण त्याच थापा त्यांनी एके काळी घरच्यांना मारलेल्या असतात. आणि रुग्णालाही समोरच्याला पाहून वाटते की, हा सुटला तर मीही सुटेन. असा विश्वास नुसत्या पदवीने मिळत नाही.

मात्र हाच अनुभव उलटूही शकतो. समजा, भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा रडवेला होऊन आला. त्याला आपण सहज म्हणून जातो, "आम्ही उपाशी राहून शिकलो, तुला काय कमी आहे?" वाक्य खरे असते, पण त्याने मुलाचे तोंड कायमचे बंद होते. तो पुन्हा येत नाही. ज्या रात्री यायला हवे, त्या रात्रीही येत नाही. स्वतःची कहाणी गिळायला शिकणे, हे या शिक्षणातील सर्वांत अवघड प्रकरण आहे, असे आमचे मत आहे.

ते शिकविता येते, हे गोव्यातील 'संगत' या संस्थेने दाखवून दिले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना तिने सुमारे तीन आठवडे वर्गात शिकविले आणि पुढे सहा महिने देखरेखीखाली काम दिले. बैठकांचे ध्वनिमुद्रण करून सर्वांनी मिळून ते ऐकायचे व एकमेकांना गुण द्यायचे, अशी पद्धत. हे समुपदेशक प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना भेटत. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील ६४ टक्के रुग्ण सावरले होते, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

आता व्यवहाराचे बोलू. मानसरोगतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकाची पाटी मात्र आजवर कुणीही लावत आला. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याने मानसशास्त्रज्ञांबरोबर एचआयव्ही, कुटुंब नियोजन इत्यादी समुपदेशकांनाही आपल्या कक्षेत आणले आहे. काम शासकीय रुग्णालयांतील एचआयव्ही तपासणी केंद्रांत (आपल्याकडे घाटीत), १९८४ च्या कायद्याने आलेल्या कौटुंबिक न्यायालयांत, शाळांत आणि व्यसनमुक्ती केंद्रांत मिळते. पुष्कळ जागा कंत्राटी असतात, हे आधीच सांगितलेले बरे.

शिक्षणाचा प्रश्न गंभीर आहे. काल-परवापर्यंत कोणत्याही शाखेचा पदवीधर नोकरी सांभाळून इग्नूतून मानसशास्त्रात एम.ए. करू शकत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या विषयाचे दूरशिक्षणाचे व ऑनलाईन प्रवेश थांबविले. दर्जाच्या दृष्टीने हे योग्यही असेल. माणसे समोर बसविल्यावाचून हे काम शिकता येत नाही. परंतु रात्रपाळी करणाऱ्या चाळिशीच्या माणसाला दिवसाच्या वर्गात कोण बसविणार? पोरे लहान असताना घरकामे करून पदवी घेतलेल्या बाईंनी काय करावे? ज्यांच्याकडे अनुभव आहे, नेमके त्यांचेच दार यामुळे अरुंद झाले आहे.

पदवी नसली तरी आज काय करता येईल, तेही सांगतो. ऐकावे. ऐकलेले आपल्या घरातही बोलू नये. कुणी जीव देण्याची भाषा केली तर ती नाटक समजू नये, त्याला एकटे सोडू नये. १४४१६ या टेलि-मानसच्या निःशुल्क क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन लावता येतो. घाटीच्या मानसोपचार विभागात मात्र स्वतः सोबत जावे, चिठ्ठी देऊन पाठवू नये.

संस्थेच्या शिष्यवृत्तीची वयोमर्यादा आज विद्यार्थ्यांपुरती आहे. मानसशास्त्र नियमित वर्गात बसून शिकू इच्छिणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका तरी सभासदासाठी येत्या वर्षी एक जागा राखून ठेवावी, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे.