उंबराचे फूल

क्वचित दृष्टीस पडणाऱ्या माणसाला ‘उंबराचे फूल’ म्हणण्याची आपली रीत आहे. वस्तुतः ज्याला आपण उंबराचे कोवळे फळ समजतो, त्याच्या पोटात शेकडो सूक्ष्म फुले दाटीने बसलेली असतात. आणि फळाच्या टोकाशी असलेल्या अतिसंकुचित द्वारातून, आपले पंख गमावूनही जी चिमुकली माशी आत शिरते, तीच तेथे परागसिंचन करते व तेथेच अंडी घालून देह ठेवते. तिच्यावाचून उंबराला बीज नाही, उंबरावाचून तिला वंश नाही. आणि या दोघांच्या संसारावर हरियाल, धनेश व वटवाघळे यांचा योगक्षेम चालतो.

अशा पिढीजात सोयरिकींचे जाळे म्हणजेच देशी रान. उघडे डोंगर सत्वर हिरवे व्हावेत, या सद्हेतूने पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या अनेक ठिकाणी गिरिपुष्पाची, म्हणजेच उंदीरमारीची, मुबलक लागवड झाली. मूळ मध्य अमेरिकेचे हे झाड नुसती फांदी खोचली तरी रुजते आणि झपाट्याने वाढते; परंतु आपल्या मुलखातील किड्यापाखरांशी त्याची जुनी ओळख नसल्यामुळे, सालई, मोई, गणेर आणि मेडशिंगी यांच्या रानात जी वर्दळ असते, ती त्याच्या सावलीत आढळत नाही.

उलट, आपण तण म्हणून उपटतो त्या रुईचे एक पान उलटून पाहावे. काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या मिरवणारी एक अळी तेथे सावकाश चरत असते. रुईच्या चिकातील विष ती अंगी साठवते. पुढे तिचे नारिंगी फुलपाखरू झाले तरी पक्षी त्याला चोच लावण्यास कचरतात. रुई गेली, तर हे फुलपाखरू गुलाबाच्या ताटव्यावर येऊन वंश वाढवील, अशी आशा व्यर्थ होय.

ज्याला हे रान पुन्हा वसवावयाचे आहे, त्याने प्रथम जवळची देवराई पाहावी. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी ज्यांचा शास्त्रीय अभ्यास केला, त्या सह्याद्रीतील देवराया म्हणजे त्या त्या मुलखाच्या वनस्पतींचे जतन झालेले दप्तरच आहे. मूळची हद्द कुसळीच्या माळाची असेल, तर तेथे झाडे लावण्याचा आग्रह धरू नये. माळ हेही चंडोलाचे व टिटवीचे घर आहे. बियांचे स्वभावही ओळखावे लागतात: जांभळाचे बी वाळले की जीव सोडते, म्हणून ते ताजेच पेरावे, बाहव्याचे टणक बी मात्र घासल्यावाचून सहसा उगवत नाही. वैशाखात खड्डे घ्यावेत, मृगाच्या पावसानंतर रोपे लावावीत, आणि पुढील दोन-तीन उन्हाळे वणवा व गुरे यांचा बंदोबस्त ठेवावा.

या श्रमांचे फळ माणसालाही मिळते. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदींवरून दाखविले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत समोर असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. नुसत्या दर्शनाचा हा गुण; मग ज्याचे हात मातीत आहेत, त्याच्या चित्ताला कोणते स्वास्थ्य लाभत असेल, हे मी अनुभवाने जाणतो. घरातील एका मृत्यूनंतर, जेव्हा ग्रंथ व माणसे दोन्ही नकोशी झाली होती, तेव्हा वडिलोपार्जित पडीक तुकड्यातील उंदीरमारी काढून देशी रोपे लावण्याचे काम मी हाती घेतले, आणि रोज सकाळी कोणते रोप तगले हे पाहण्याच्या ओढीने मला अंथरुणातून उठविले.

तेथे नऊ पावसाळ्यांपूर्वी लावलेल्या उंबराच्या बुंध्याला यंदा प्रथमच फळे लगडली. खाली पडलेले एक फळ मी उकलले, तो आतून पंख फुटलेल्या इवल्या माश्या बाहेर पडल्या आणि वाऱ्यावर निघून गेल्या. त्यांना कोणी आणून सोडले नव्हते. कोठल्याशा दूरच्या उंबरावरून त्यांच्या माता आपण होऊन येथे आल्या होत्या. उंबराचे फूल मी पाहिले ते त्या दिवशी.