दहा मोजेपर्यंत

पालघरला शिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरलं होतं. टेबलांवर नेहमीचा माल होता: पुठ्ठ्याची घड्याळं, बाटल्यांच्या टोपणांवर लिहिलेली मुळाक्षरं, फिरती चक्रं. एका टेबलाच्या कडेला हातभर लांबीची साधी फळी ठेवली होती. तिच्यावर ओळीनं पाच वस्तू सुतळीनं बांधलेल्या: घुंगरू, खडूचा तुकडा, स्टीलचा चमचा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दप्तराचा तुटका बंद. खाली चिठ्ठी, ‘हा त्याचा शाळेतला दिवस.’ परीक्षक तिथे थांबले नाहीत. मी थांबलो.

फळी करणाऱ्या बाई मोखाडा तालुक्यात विशेष शिक्षिका आहेत. गट साधन केंद्रात त्यांचं टेबल आहे, पण नोकरी सगळी रस्त्यावरची. आज ही शाळा, उद्या तो पाडा. येऊन बघू का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “या की. पाऊस सरल्यावर या, पण दिवाळीच्या आत या. दिवाळीनंतर तो इथं नसतो.”

ऑक्टोबरात जव्हारवरून मोखाड्याकडे निघालं की उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुललेली असते आणि खालच्या खाचरांत भात कापणीला आलेलं असतं. रस्ता देखणा आहे. बाईंना तो स्कूटीवरून रोज तुडवावा लागतो, म्हणून त्यांचं वर्णन खड्ड्यांपासून सुरू होतं. तुमच्याकडे मुलं किती, असं विचारलं तर हसून म्हणाल्या, “मुलं मोजू नका, घाट मोजा.”

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षकांची. मुलगा आठ वर्षांचा, दुसरीत. त्याचं नाव इथं लिहीत नाही. प्रमाणपत्रावर ‘स्वमग्नता’ असं लिहिलंय. तोंडातून शब्द येत नाही, पण घशातून एक बारीक सूर सतत चालू असतो, आणि वर्गातल्या बाकीच्या पोरांना तो पंख्याच्या आवाजासारखा सवयीचा झालाय.

तो प्रत्येक गोष्ट आधी हुंगतो. खडू, पाटी, दाराची कडी, नव्या माणसाचा हात. बाई वर्गात शिरल्या की आधी उकिडव्या बसतात आणि मनगट पुढे करतात. तो हुंगतो, मग बाजूला सरकून त्यांना जागा देतो. त्याच्या शाळेत यायच्या दिवशी बाई केसांचं तेल बदलत नाहीत, नवा साबण वापरत नाहीत. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं, असं मी विचारलं. “प्रशिक्षणात नाही. एकदा लग्नाला जाऊन आले होते, अत्तर लावलेलं होतं. दिवसभर त्यानं मला ओळखच दाखवली नाही.”

फळीचं काम साधं आहे. परिपाठाची वेळ झाली की तो घुंगरू सोडवून घेतो आणि परिपाठ संपला की डब्यात टाकतो. मग खडू, म्हणजे अभ्यास. मग चमचा, म्हणजे खिचडी. ट्यूब म्हणजे आवारातला झोका. बंद म्हणजे घर. पुढं काय होणार हे माहीत नसलं की अशी मुलं घाबरतात, चिडतात. पुढचं डोळ्यांना दिसलं, हाताला लागलं की बरीचशी शांत होतात. या विचारावर एरिक शॉप्लर यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ साली ‘टीच’ नावाचा कार्यक्रम उभा केला आणि आज जगभरच्या शाळांत त्याच्या आवृत्त्या दिसतात. बहुतेक ठिकाणी त्यासाठी चित्रं वापरतात. बाईंनाही चित्रकार्डांचा संच मिळाला होता. त्यात सफरचंद होतं, जेवणाचं टेबल होतं, शॉवर होता. मुलानं एकेक कार्ड हुंगलं आणि खाली टाकलं. सगळ्यांना एकच वास, प्लास्टिकचा.

संच शाळेच्या कपाटात आहे. अगदी नवा. हिशोबात तो ‘वापरात’ आहे.

मला यात दोष कार्डांचा वाटत नाही. पण याच जिल्ह्यात, डहाणूकडे, हा धडा एकदा गिरवून झालेला आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ, आणि १९५७ पासून दोघींचं काम कोसबाडच्या टेकडीवरून चाललं. मॉन्टेसोरीचं महागडं लाकडी साहित्य आदिवासी पाड्यावर परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी बिया, खडे, शिंपले, पानं घेतली. मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळाच कुरणावर नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटलं. मूल शाळेला बेतायचं नाही, शाळा मुलाला बेतायची, हे इथं कुणी परदेशातून आणायची गरज नव्हती. तरी पालघर जिल्ह्यातल्या कपाटात शॉवरचं चित्र येतं.

अभ्यासाचा तास. बाईंनी त्याच्यापुढं दोन वाट्या ठेवल्या, एकीत नागली, दुसरीत वरई. शेजारी दोन्ही मिसळलेली मूठ. “नागली दे.” आणि बाई गप्प बसल्या. तो खिडकीकडे बघत होता. बाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता, एक, दोन, तीन. गुरुजी मागून म्हणाले, “अरे, नागली दे ना बाईंना.” बाईंनी मान हलवली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. आठव्या पेराला हात वाटीकडे गेला. चिमूटभर नागली उचलली, हुंगली, बाईंच्या तळहातावर ठेवली.

“दहा,” बाई मला म्हणाल्या. “विचारायचं आणि मनात दहा मोजायचे. तिसऱ्याला पुन्हा विचारलं की त्याला सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं. लोकांना वाटतं त्याला येत नाही. त्याला वेळ लागतो, एवढंच.”

दहा म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला वाटतं. कुणाला तरी प्रश्न विचारून बघा आणि गप्प राहून दहा मोजा. दुसऱ्याच मोजणीला जीभ वळवळते. चार इयत्तांची पोरं ज्या खोलीत बसलीत, त्या खोलीत गुरुजींनी एका मुलासाठी दहा मोजायचे, प्रत्येक प्रश्नाला, प्रत्येक दिवशी. गुरुजी वाईट नाहीत. ते दमलेले आहेत. आणि खरं सांगायचं तर या खोलीत हा एकटाच वेगळा नाही: तिसरीतल्या मुलीला पहिलीचं वाचता येत नाही, चौथीतला एक जण गणित झटकन सोडवून रिकामा बसतो, निम्म्यांच्या घरची भाषा पुस्तकातली नाही. अशा वर्गात प्रत्येकाला वेगळं शिकवणं हे काही खास मुलांचं लाड-प्रकरण नव्हे.

कायद्यात या सगळ्याला जागा आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यात नव्हती. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार झाले, त्यात ती आली. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनीशकुमार पांडे खटल्यात सांगितलं की केंद्राचे निकष येईपर्यंत स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी पाच मुलांमागे एक विशेष शिक्षक धरा. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की पदं मंजूर करा, जाहीर करा. आपल्या राज्यात हे शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटी राहिले. त्यांना सेवेत कायम करण्याचा निर्णय सरकारनं २०२४ मध्ये घेतला. पाचाला एक. बाईंना हा आकडा सांगितला तेव्हा त्या स्कूटीला किक मारत होत्या. “पाचाला एक घाट असता तरी चाललं असतं,” म्हणाल्या.

‘वैयक्तिक शैक्षणिक योजना’ हा कागद मी वाचला. मूळ कल्पना अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्यातली: प्रत्येक दिव्यांग मुलाची लेखी योजना, पालकांना विचारून केलेली. आपल्याकडे तिचा तक्ता झाला. सद्यस्थिती, वार्षिक उद्दिष्ट, अल्पकालीन उद्दिष्ट, साहित्य, मूल्यमापन. बाईंनी एका रकान्यात लिहिलं होतं, ‘तहान लागल्यास तांब्या आणून समोरच्याच्या हातात देईल.’ जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचं एवढंच उद्दिष्ट. तपासणीला आलेल्यांना ते फार लहान वाटलं. त्याऐवजी ‘१ ते १० अंक ओळखेल’ असं लिहा, असं सुचवलं गेलं. बाईंनी ते खाली जोडलं आणि तांब्याही ठेवला. माझं मत विचाराल तर तांब्याच्या बाजूनं. जो मुलगा आजवर तहान लागली की भिंतीवर डोकं आपटायचा, त्यानं सप्टेंबरात तांब्या उचलून आईच्या मांडीवर ठेवला.

आईला मी घरी भेटलो. ओटीवर बसून ती नागलीची कणसं पसरत होती. “त्याला कलतं सगलं. फकस्त बोलत नाय,” ती म्हणाली. भगताकडे गेलात का, दवाखान्यात गेलात का, हे विचारणं मला नको वाटत होतं, तर तिनं आपणहून सांगितलं: “दोघांकडं गेलो. दोघांकडं गाडीभाडं लागलं.” प्रमाणपत्रासाठी ‘आयसा’ नावाची चाळीस प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. नजरेला नजर देतो का, ऐकलेलं पुन्हा पुन्हा म्हणतो का, असे प्रश्न. ते प्रमाण मराठीत विचारले गेले. अर्ध्या प्रश्नांना आई नुसती मान डोलवत होती, कारण विचारणारे साहेब चांगले होते आणि बाहेर गाडी निघायची वेळ झाली होती.

बाईंच्या फेरीतली बाकीची मुलं मी धावती पाहिली. ऐकू न येणाऱ्या मुलांचा प्रश्न तुलनेनं लोकांना समजतो. जव्हारला प्रगती प्रतिष्ठानची कर्णबधिर मुलांसाठी निवासी शाळा आहे, आणि पोराला तिथं घातलं म्हणजे काय केलं हे पाड्यावर कुणाला समजावून द्यावं लागत नाही. एका पाड्यावर मेंदूच्या पक्षाघाताचा मुलगा होता. शिबिरात मिळालेली त्याची खास खुर्ची पडवीत होती, तिच्यावर भाताची पोती. रागावण्याआधी मी घरात नजर टाकली. सगळं घर जमिनीवर बसतं, जेवतं, निजतं. खुर्चीत बसवलं की तो सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, एकटा. बाईंनी भिंतीच्या कोपऱ्यात वाकळींच्या गुंडाळ्या लावून त्याला जमिनीवरच टेकून बसवलंय. आता भाकरी थापणाऱ्या आजीचा चेहरा त्याला समोर दिसतो. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला साडेतीन हजार रुपयांपर्यंत तरतूद धरलेली असते. वाकळींना त्यातला एक रुपया लागला नाही. पेट्रोलला लागतो.

इथं माझा तोल सरळ एका बाजूला जातो, तो लपवत नाही. वैयक्तिक शिक्षणातलं स्वस्त ते साहित्य: घुंगरू, नागली, वाकळ. महाग आहे तो माणूस, जो दहा मोजेपर्यंत गप्प बसेल आणि पुढच्या आठवड्यात त्याच वासाचा पुन्हा येईल. आपण साहित्य वाटतो, कारण त्याचा फोटो निघतो.

दिवाळीनंतर घरं रिकामी होतात. मुकादम उचल देतो आणि कुटुंबं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती शिमग्याला किंवा थेट पावसाआधी परततात. मोठी भावंडं हंगामी वसतिगृहात राहू शकतात. जो आईशिवाय जेवत नाही, तो आईबरोबर भट्टीवर जातो. जूनपासून बसवलेली घडी पाच-सहा महिन्यांसाठी मोडते. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा ‘शिक्षण हमी कार्ड’ देते, म्हणजे जिथं जातील तिथल्या जवळच्या शाळेत त्यांना बसता यावं. कार्डावर नाव, इयत्ता, शाळा. त्याला कसं शिकवायचं हे लिहायला बाईंना त्यावर जागा सापडली नाही. म्हणून त्यांनी वहीचा कागद कापून मागे डकवला आहे:

‘आधी हात हुंगू द्या. फळी त्याच्या डाव्या बाजूला टांगा. एकदाच विचारा आणि मनात दहा मोजा. तांब्या दिला तर पाणी द्या, लगेच.’

भिवंडी, वसई, वाडा, शहापूरकडच्या शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना एवढंच सांगणं आहे: नोव्हेंबरात भट्टीवरून असा एखादा मुलगा तुमच्या वर्गात आला, तर त्याचं कार्ड उलटून बघा. आणि जे हे कार्ड छापतात, त्यांनी मागच्या बाजूला चार ओळींचा एक रकाना ठेवावा.