माहीमचा पूल आणि आवाबाईंची अट

आपल्याकडून मुंबईला जाणारी गाडी वाशीच्या पुलावर चढली की दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी दिसतं. मुंबई मुळात सात बेटांची, हे तिथं पटतं. आज सांगायचंय ते मात्र त्याहून जुन्या वाटेबद्दल. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली ही वाट १८४५ साली खुली झाली.

त्याआधी माहीमच्या बेटावरून वांद्र्याला जायचं तर नाव. ओहोटीला चिखल, भरतीला पाणी. पावसाळ्यात नावा उलटायच्या, माणसं बुडायची. कंपनी सरकार खर्चाला तयार होईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले, त्या काळातले! पैसा नवऱ्याच्या व्यापारातला होता आणि त्या व्यापारात अफूही होती, हे खरं. पण देताना बाईंनी एक अट घातली: या वाटेवर सरकारनं कुणाकडूनही पथकर घ्यायचा नाही. डोक्यावर पाटी घेऊन येणारीही फुकट जाईल. आम्हाला रकमेपेक्षा ही अट मोठी वाटते.

ही वाट म्हणजे सगळाच पूल नव्हे. चिखलात दगडमातीचा भराव टाकून रस्ता उचलला आणि मिठी नदीचं पाणी जायला मध्ये पूल बांधला. भरावाचं काम स्वस्त पडतं, पण पाण्याची वाट अरुंद होते. पुढं मुंबईनं मिठीच्या काठावर भराव टाकतच नेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदी घराघरात शिरली.

आता आपल्या लिंबागणेशकडं येऊ. समुद्र लांब, पण ओढ्याला पूर आला की आपली वस्ती बेटच होते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एकीला कळा सुरू झाल्या आणि नळकांडी पुलावरून कमरेएवढं पाणी. तीन तास ती ट्रॅक्टरमध्ये, सोबत सासू. बाळ-बाळंतीण वाचली. पाणी उतरल्यावर आम्ही जाऊन बघितलं, तर नळ्यांत काटक्या आणि पाचट गच्च बसलेलं. पाणी खालून जाईना म्हणून वरून चाललं होतं.

म्हणून अर्जात आम्ही नुसतं ‘पूल पाहिजे’ लिहिलं नाही. नळ्यांऐवजी रुंद मोऱ्या, पुराच्या खुणेपेक्षा उंच रस्ता, दोन्ही बाजूंना कठडा, आणि पावसाळ्याआधी गाळ कोण काढणार त्याचं नाव. रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा, हे ग्रामसेवकांना आधी विचारून घेतलं. नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. पुराची खूण शाळेच्या भिंतीवर गेरूनं मारून ठेवलीय. साहेब मोजायला येतील तेव्हा दाखवायला.