एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरचे जीवाणू

पृथ्वीवरच्या जीवसृष्टीची बीजे अंतराळातून आली असावीत, या कल्पनेला पॅनस्पर्मिया म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय रूप दिले. ताऱ्यांच्या प्रकाशाचा सूक्ष्म दाब जीवाणूंचे बीजाणू एका ग्रहमालेतून दुसरीकडे ढकलत नेऊ शकेल, असे त्याचे म्हणणे होते. १९७०च्या दशकात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि मूळचे श्रीलंकेचे चंद्रा विक्रमसिंघे यांनी ही कल्पना पुन्हा पुढे आणली. त्यांच्या मते सूक्ष्मजीवांचे वाहक म्हणजे धूमकेतू. धूमकेतूंची धूळ आजही पृथ्वीवर पडत असते आणि तिच्यातून जीवाणूही येत असावेत, असे ते मानत. बहुसंख्य शास्त्रज्ञांना हे पटले नाही. मात्र आकाशातून जीवाणू खाली येत असतील तर ते वाटेतच पकडता आले पाहिजेत, हा मुद्दा प्रयोगाने तपासण्याजोगा होता. तो तपासण्याचे काम खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने भारतात झाले.

विश्व किती जुने?

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. हॉईल हे स्थिर स्थिती विश्वाचे पुरस्कर्ते होते. या मतानुसार विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात असताना मधल्या पोकळीत नवे द्रव्य तयार होत राहते, त्यामुळे एकूण चित्र कायम तसेच राहते. १९६५ मध्ये सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि महास्फोट सिद्धांताचे पारडे जड झाले. तरीही नारळीकरांनी पर्यायाचा विचार सोडला नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित रूपातला, आकुंचन-प्रसरणाची आवर्तने असलेला सिद्धांत मांडला. महास्फोटाच्या बाजूचे पुरावे मात्र वाढतच गेले आणि आज बहुतेक सर्व विश्वरचनाशास्त्रज्ञ तोच सिद्धांत स्वीकारतात.

विश्वाच्या वयाचा प्रश्न जीवसृष्टीच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. महास्फोट सिद्धांतानुसार विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे, तर पृथ्वीचे सुमारे ४५० कोटी. पृथ्वीवर निदान ३५० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्मजीव होते. म्हणजे ग्रह तयार होऊन निवल्यावर तुलनेने लवकर जीवन दिसू लागले. निर्जीव रसायनांतून पहिली पेशी घडायला एवढा अवधी पुरेसा होता का, हा हॉईल यांचा सवाल होता. विश्व अनादी असेल किंवा जीवन दुसरीकडे आधीच निर्माण झालेले असेल, तर वेळेची अडचण उरत नाही. अर्थात जीवनाचा उगम पृथ्वीबाहेर मानला तरी तो तिथे कसा झाला, हे कोडे शिल्लक राहतेच. पॅनस्पर्मियावरचा हा जुना आक्षेप आजही तितकाच खरा आहे.

बलून आणि निऑन

आकाशातून येणारे जीवाणू वाटेतच पकडण्याच्या नारळीकरांच्या बलून प्रयोगासाठी सुमारे ४१ किलोमीटर उंची मुद्दाम निवडली होती. ढग, पाऊस आणि वादळे हा सगळा खेळ प्रामुख्याने वातावरणाच्या तळच्या थरात, म्हणजे उष्ण कटिबंधात सुमारे १६ ते १८ किलोमीटरपर्यंत चालतो. त्याच्या वर स्थितांबर आहे. तिथे उंचीबरोबर तापमान वाढते, त्यामुळे हवा सहजासहजी खालून वर जात नाही. पृथ्वीवरची धूळ आणि जीवाणू तिथे पोचणे कठीण असल्याने त्या उंचीवर जे सापडेल ते वरून आले असण्याचा संभव वाढतो.

पहिले उड्डाण २१ जानेवारी २००१ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील बलून केंद्रावरून झाले. गोळा केलेल्या नमुन्यांची ब्रिटनमध्ये तपासणी झाली. कार्डिफमध्ये विशेष रंगद्रव्ये वापरली तेव्हा जिवंत पेशींचे पुंजके दिसले, तर शेफील्डमध्ये दोन जीवाणू आणि एक बुरशी प्रयोगशाळेत वाढवता आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हॉईल यांचे निधन झाले.

२० एप्रिल २००५ रोजी दुसरे उड्डाण झाले. त्यासाठी इस्रोने साहाय्य केले. बलूनचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट होते आणि त्याखाली ४५९ किलोग्रॅमचे सामान टांगलेले होते. त्यात स्टेनलेस स्टीलची सोळा नळकांडी होती, आतून निर्वात आणि निर्जंतुक केलेली. ती ३८ किलोग्रॅम द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवली होती. निऑन उणे २४६ अंश सेल्सिअसला उकळतो. इतक्या थंडीत बाहेरची हवा नळकांड्यात शिरताच गोठते, आतला दाब घटतो आणि आणखी हवा आपोआप खेचली जाते. स्थितांबरातली हवा अतिशय विरळ असते, त्यामुळे पुरेसा नमुना मिळवायला हा उपाय उपयोगी पडतो. २० ते ४१ किलोमीटर दरम्यान वेगवेगळ्या उंचीवर नमुने घेऊन नळकांडी हवाई छत्रीने खाली उतरवण्यात आली.

तपासणी हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी) आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा दोन संस्थांमध्ये स्वतंत्रपणे, पण सारख्याच पद्धतीने झाली. एका प्रयोगशाळेत काही दूषित झाले असेल तर दुसरीच्या निष्कर्षांवरून ते उघड व्हावे, हा त्यामागचा हेतू. एकूण बारा जीवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती मिळाल्या. बारापैकी नऊ जीवाणूंचे एक विशिष्ट जनुक पृथ्वीवरच्या ज्ञात प्रजातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळत होते. उरलेले तीन नवे निघाले. एकाला हॉईल यांच्या स्मरणार्थ जॅनिबॅक्टर हॉयली, दुसऱ्याला इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि तिसऱ्याला आर्यभटाच्या नावावरून बॅसिलस आर्यभट्टाय असे नाव देण्यात आले. अतिनील किरणांना तोंड देण्याची या तिघांची क्षमता त्यांच्या जवळच्या नातलग प्रजातींपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक होती.

पुराव्याची मर्यादा

मार्च २००९ मध्ये इस्रोने हे निष्कर्ष जाहीर केले. हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे असल्याचे या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, मात्र काम पुढे नेण्यास उत्तेजन मिळते, अशी संयत भूमिका त्यात घेतली होती. ती योग्यच होती. तिन्ही जीवाणूंचा रासायनिक आराखडा पृथ्वीवरच्या जीवांचाच आहे. नवी प्रजाती याचा अर्थ आजवर नोंद न झालेली प्रजाती, आणि पृथ्वीवरच्या बहुसंख्य सूक्ष्मजीवांची अजून नोंदच झालेली नाही. बॅसिलस आर्यभट्टाय पुढे वनस्पतींच्या मुळांजवळच्या मातीतही सापडला. मोठे ज्वालामुखी उद्रेक धूळ स्थितांबरात फेकतात, हेही माहीत आहे. हे जीवाणू खालून वर गेले की वरून आले, याचा निवाडा करायचा तर जीवाणूंमधल्या कार्बनसारख्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजावे लागेल. ते पृथ्वीवरच्या प्रमाणापेक्षा स्पष्टपणे वेगळे निघाले तरच पृथ्वीबाहेरच्या उगमाचा दावा भक्कम होईल.

जीवनाचा कच्चा माल मात्र अंतराळात मुबलक आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत अमिनो आम्ले मिळाली. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत पृथ्वीवरचे जीव प्रथिनांसाठी वापरतात त्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि जनुकीय रेणूंचे पाचही मूळ घटक आढळल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. विटा आकाशातून आल्या असतील, हे आता बहुतेकांना मान्य आहे. घर कुठे बांधले गेले, यावर वाद आहे.

बुद्धिमान जीवांचा शोध

सूक्ष्मजीव शोधायला नमुना हाती लागतो. बुद्धिमान जीवांच्या बाबतीत संदेशाची वाट पाहावी लागते. १९५९ मध्ये कोक्कोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवले की परग्रहवासी संदेश पाठवतील तर बहुधा हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीजवळ, कारण हायड्रोजन विश्वात सर्वत्र आहे आणि ही लांबी प्रत्येक प्रगत समाजाला ठाऊक असणार. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथून टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण रोखली. काही मिळाले नाही. तिमिंगल आणि यमुना या तारकासमूहांतले हे तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावाबाहेर, दिव्यांच्या उजेडापासून दूर, डिसेंबरच्या मध्यावर रात्री नऊ-दहाच्या सुमारास ते दोन्ही दक्षिणेकडे बरेच वर आलेले असतात. त्यांची अंतरे सुमारे १२ आणि १०.५ प्रकाशवर्षे आहेत. तिथे कुणी ऐकत असेल, तर पहिल्याला साद घालून उत्तर मिळवायला चोवीस वर्षे लागतील आणि दुसऱ्याला एकवीस.

१९६१ मध्ये ड्रेक यांनी या शोधाचे गणित मांडले. आकाशगंगेत दरवर्षी किती तारे जन्मतात, त्यांतल्या किती जणांना ग्रह असतात, किती ग्रह जीवनाला अनुकूल असतात, त्यांतल्या किती ठिकाणी जीवन, मग बुद्धी, मग संदेश पाठवण्याची क्षमता येते आणि असा समाज किती काळ टिकतो, या सात राशींचा तो गुणाकार आहे. पहिल्या दोन राशी आता बऱ्यापैकी माहीत आहेत. सहा हजारांहून अधिक परग्रह निश्चित झाले आहेत. शेवटच्या चार राशी मात्र अंदाजच आहेत, त्यामुळे उत्तर ‘फक्त आपण’ इथपासून ‘लाखो समाज’ इथपर्यंत कुठेही येऊ शकते.

महाराष्ट्रात २१ सेंटिमीटर तरंगलांबी टिपणारी मोठी दुर्बीण आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा तबकड्या मध्यभागी दाटीने आहेत आणि सोळा तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. तबकडी भरीव पत्र्याची नसून तारांच्या जाळीची आहे. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखीच परतवते, पण वारा आरपार जाऊ देते, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त होतो. ही दुर्बीण मुख्यतः स्पंदक तारे, दीर्घिका आणि दूरच्या हायड्रोजनच्या अभ्यासासाठी आहे. तिची संवेदनशीलता ऑक्टोबर २०१६ मध्ये जगाला दिसली. मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या स्कायापरेली यानाचा क्षीण संकेत तिने पृथ्वीवरून टिपला.

माणसानेही आपला संदेश पाठवला आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका आहे. भारतातर्फे तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या या गायिकेचा आवाज आता सौर वाऱ्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोचला आहे.

विचार लोकांपर्यंत

नारळीकरांनी हे विषय मराठी वाचकांपर्यंत नेले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ ही पुस्तके आली. कथेत शक्यतांना मोकळे सोडायचे आणि संशोधनात प्रत्येक शक्यतेला पुराव्याची अट घालायची, हा त्यांचा शिरस्ता होता. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले.

हीच अट आजच्या शोधालाही लागू आहे. २०२५ मध्ये के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर सागरी सूक्ष्मजीव तयार करतात असा एक वायू असल्याची चिन्हे केंब्रिजच्या गटाने जाहीर केली. इतर गटांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासून त्यांवर शंका घेतली. पृथ्वीबाहेर जीवन असल्याचा निर्णायक पुरावा आजवर मिळालेला नाही. तो मानायचा तर नमुना दूषित नसल्याची खात्री हवी, निर्जीव रासायनिक प्रक्रियेने तोच परिणाम होत नाही हे दाखवायला हवे आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला किंवा दुसऱ्या दुर्बिणीला तेच निष्कर्ष मिळायला हवेत.