बोराची छाटणी

मे महिन्यात सोलापूरकडच्या माळावर इतर फळबागा टँकरची वाट पाहत असतात, तेव्हा बोर झोपलेलं असतं. पानं पिवळी पडून गळत असतात, झाड पाणी मागत नाही. कोयता चालवायचा तो याच दिवसांत. बोर लागतं नव्या फुटव्यावर, पानाच्या बगलेत. म्हणून जाड फांद्यांचा सांगाडा तेवढा राखून गेल्या वर्षीची वाढ बिनदिक्कत उतरवतात. नवख्या मालकाचा जीव खालीवर होतो. छाटणाऱ्या गड्याचा होत नाही.

एकाच्या हाती कोयता आणि करवत, दुसऱ्याच्या हाती दुबेळकं, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली काठी. कापलेली फांदी हाताने उचलायची नाही, या दुबेळक्याने ढकलायची. बोराला पेरावर जोडीने काटे येतात, एक सरळ, एक मागे वळलेला. सरळ टोचतो, वाकडा धरून ठेवतो. हात आत जाताना काही वाटत नाही, अडकतो तो बाहेर काढताना. माझी बाही धरली गेली तेव्हा गडी म्हणाला, "दादा, वढू नका. हात आनखी आत घाला, मग सोडवा." सल्ला बरोबर निघाला.

कापलेली बोराटी वाया जात नाही. उरलासुरला पाला शेळ्या आधी ओरबाडतात, मग फांद्या बांधावर एकीत एक गुंतवून कुंपण होतं. याच कुळातल्या युरोपातल्या बकथॉर्नच्या फळांपासून चित्रकार पूर्वी हिरवा रंग करत. आमच्या बोराने असली हौस केली नाही. ते शेत राखतं.

१९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि अशा कोरडवाहू जमिनीत बोराची लागवड वाढली. पण उमराणसारखी कलमी जात काही बी टाकून मिळत नाही. खड्ड्यातच गावठी बोराचं बी लावायचं, कारण सोटमूळ खोल जातं आणि रोप उपटून हलवलं तर दुखावतं. पावसाळ्यात त्या रोपावर उमराणचा डोळा भरायचा. सालीचा ढालीएवढा नव्हे, ढालीच्या आकाराचा बोटभर तुकडा बसवायचा आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने आवळायचा. डोळा फुटला की वरचा गावठी शेंडा कापतात. खालून गावठी फूट येतच राहते, ती काढत राहावी लागते. दोन पावसाळे दुर्लक्ष झालं तर गावठी वरचढ होतं आणि उमराणच्या जागी आंबट बारकी बोरं लागतात.

छाटणी उशिरा झाली की फुटवा मागे, फुलं मागे, फळंही मागे. संक्रांतीच्या सुगडांना आणि बोरन्हाणाला बोरं लागतात, तेव्हा बाजारात गिऱ्हाईक असतं. नंतर बोरं कितीही गोड असोत.

बांधावरच्या एका गावठी झाडाला मात्र मालकाने हात लावू दिला नाही. त्याची बोरं कुणी विकत घेणार नाही, पण पुढच्या खड्ड्यांसाठी बी तिथूनच येतं.